हाड लागलं का?

दोघींमधून विस्तव जात नव्हता, आणि कॉलेजनं मात्र त्यांना एकमेकींच्या तोंडात हात घालायला बसवलं होतं. यात कॉलेजचा काही दोष नव्हता. आडनाव एक, म्हणून हजेरीत नावं एकाखाली एक. आणि दातांचा डॉक्टर व्हायचं तर जे जे जोडीनं करावं लागतं ते हजेरीतल्या शेजाऱ्याबरोबरच करायचं असतं. पहिल्या वर्षी दोघींच्या वाट्याला एकच कवटी आली होती. आता तिसऱ्या वर्षी एकच खुर्ची.

त्या चुलत बहिणी होत्या. एक दुसरीपेक्षा काही दिवसांनीच मोठी, पण तेवढ्यावरून घरात तिला 'ताई' म्हणायचा हुकूम निघाला होता. वर्गाला हे कळलं तेव्हा एकीचं नाव थोरली पडलं आणि दुसरीचं धाकटी. धाकटीचं घर दुसऱ्या गावी, त्यामुळे शिकायला ती काकांकडे राहायची. थोरलीच्याच खोलीत, थोरलीच्याच टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर. पहिल्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत ती इमानानं 'ताई' म्हणत होती. मग तिनं ते बंद केलं.

त्याला कारण एक जबडा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खालच्या जबड्याचं हाड धाकटीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "शरीरात असतो तसा धरून दाखव." धाकटीला तो जबडा झोपेतही पाठ होता. पण हात घाबरला, आणि तिनं दात खाली करून धरला. परीक्षक हसले नाहीत, फक्त पुढच्या मुलीला बोलावलं. पुढची मुलगी म्हणजे थोरली. तिनं तोच जबडा दोन बोटांनी असा सुलटा केला की जणू टेबलावर पालथा पडलेला पेला उचलून ठेवतेय. धाकटी नापास झाली आणि तिला सुट्टीत पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. तेही तिनं सोसलं असतं. पण त्या संध्याकाळी जेवताना थोरलीनं ताट हनुवटीखाली उलटं धरून काकांना आणि काकूला तो सगळा प्रकार करून दाखवला. काका हसले. काकू तोंडाला पदर लावून हसली. आणि थोरलीच्या ओठाचा उजवा कोपरा वर गेला.

तो कोपरा! थोरलीचं पूर्ण हसू धाकटीनं फार कमी वेळा पाहिलं होतं. हा उजवा कोपरा मात्र रोज. वर्गात धाकटी उत्तर द्यायला उभी राहिली की तो वर जायचा. तिच्या पायरीवर ठेचकाळण्यावर, फोनवर आईशी हळू आवाजात बोलण्यावर, नव्या चपलेवर, सगळ्यावर तो वर जायचा. गालाच्या हाडावरून निघून ओठाच्या कोपऱ्यात शिरणारा तो स्नायू धाकटीनं प्रेतावर मोकळा करून पाहिला होता. एवढीशी पट्टी, आणि माणसाचं जिणं नकोसं करते.

आता भुलीच्या इंजेक्शनाचं. तिसऱ्या वर्षाला पेशंटच्या तोंडात सुई घालायच्या आधी ती एकमेकांच्या तोंडात घालून दाखवावी लागते, हा तिथला जुना रिवाज. ज्याला जमलं तो वरच्या मजल्यावर पेशंट बघायला जातो. ज्याला जमत नाही तो पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे वर्ष गेलं. यात सगळ्यात कठीण ते खालच्या जबड्याचं. गालाच्या आत, अगदी मागं, जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला एक छिद्र असतं. त्यातून दातांची आणि खालच्या ओठाची नस हाडात शिरते. त्या छिद्राच्या जरा वर औषध सोडायचं. छिद्र दिसत नाही, नस दिसत नाही, दिसतो तो फक्त गुलाबी गाल. म्हणून खूण एकच: सुईचं टोक हाडाला टेकलं पाहिजे. टेकलं, की किंचित मागं घ्यायची आणि मग औषध. टेकलंच नाही तर सुई जबड्याच्या मागच्या कडेपलीकडे निसटली असं समजायचं आणि बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायची.

हे शिकवणाऱ्या मॅडमचं नाव मुलांनी हाडबाई ठेवलं होतं. त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत आणि एवढंच विचारत, "हाड लागलं का?" त्या स्वतः कधी हात लावून बघत नसत. सुईच्या टोकाला काय लागलं ते सुई धरणाऱ्यालाच कळतं, दुसऱ्या कुणाला कळायची सोय नसते. एकदा कुणीतरी उगाच "बहुतेक" म्हणालं, तर त्याला त्यांनी महिनाभर 'बहुतेक डॉक्टर' अशीच हाक मारली.

आधी थोरलीची पाळी झाली. तिनं धाकटीला एका फटक्यात बधिर केलं, वर कानाशी वाकून म्हणाली, "बघ, तुझ्यातसुद्धा नस निघाली." दुसऱ्या दिवशी धाकटीची पाळी.

थोरली खुर्चीत मागं रेलली आणि तिनं तोंड उघडलं. धाकटीनं उजव्या बाजूला अंगठ्यानं हाडाची कड चाचपली, सिरिंज डावीकडच्या दातांवरून तिरकी आणली आणि सुई आत घातली. सुई गेली, गेली, जाता जाता जवळपास सगळी गेली. हाड नाही. हात आता थांबायला हवा होता, आणि हे हाताला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. तोंडात सुई असतानाही थोरली तिच्याकडे बघत होती, आणि उघड्या तोंडाचा उजवा कोपरा थोडासा वर गेला होता.

"हाड लागलं का?" मागून आवाज आला.

"हो मॅडम," धाकटी म्हणाली, आणि तिनं औषध सोडलं.

पाच मिनिटांनी मॅडमनी थोरलीला विचारलं, "ओठ बधिर झाला?" थोरली "नाही" म्हणाली, पण 'नाही' नीट आलं नाही, अर्धंच आलं. वर्गातली एक मुलगी तोंडावर हात ठेवून मागं सरकली. थोरलीचा उजवा गाल ओल्या कपड्यासारखा खाली लोंबला होता. उजवा डोळा मिटत नव्हता. पापणी निम्म्यावर येऊन थांबायची आणि खालून डोळ्याचं पांढरं दिसायचं. कपाळाला डावीकडे आठ्या होत्या, उजवीकडे कोरी पाटी. आणि ओठाचा तो कोपरा जो खाली गेला तो गेलाच.

खरं सांगायचं तर धाकटी आधी घाबरली नाही, ती खूश झाली. भीती नंतर आली.

"कुणी घाबरू नका, औषध उतरलं की तासा-दोन तासात परत येईल," मॅडम म्हणाल्या, आणि थोरलीच्या उजव्या डोळ्याला पट्टी लावायच्या आधी धाकटीकडे वळल्या. "पुढे ये. झालंय ते सांग. चेहऱ्यावर दाखवून सांग."

आणि मग धाकटीनं आयुष्यातली सगळ्यात चांगली तोंडी परीक्षा दिली. सुई जबड्याच्या मागं गेली की कानापुढच्या लाळग्रंथीत शिरते. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतून पंख्यासारखी पसरते. "कपाळ वर कर," तिनं थोरलीला सांगितलं. थोरलीनं केलं, निम्मंच वर गेलं. "ही पहिली फांदी. डोळे मीट. ही दुसरी. गाल फुगव." थोरलीनं गाल फुगवले आणि उजवीकडून सगळी हवा फुस्सकन निघून गेली. मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. "दात दाखव," धाकटी म्हणाली. "हसून दाखव." हे शेवटचं तिनं गरज नसताना सांगितलं. "इथं जाणीव शाबूत आहे, टोचलं तर दुखेल. फक्त हालचाल गेलीय. जे बधिर करायचं होतं ते झालं नाही आणि भलतंच झालं."

थोरलीच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. डोळा मिटत नाही तेव्हा ते वाहतंच, त्याला रडणं म्हणायचं कारण नाही. पण डाव्या डोळ्यातूनही वाहत होतं.

"सगळं बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, हाड लागलं होतं का?"

इथं सुटायची संधी होती. धाकटीनं ती लाथाडली. "लागलं होतं मॅडम. तिच्या जबड्याची ठेवणच वेगळी असेल."

"वा. नाचता येईना, अंगण वाकडं," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुन्हा करायचं. खुर्चीत कोण बसेल ते तुझं तू बघ. कुणी बसलं नाही तर वरच्या मजल्याचा जिना तुला या वर्षी नाही."

घरी गेल्यावर काकूनं डोळ्याला पट्टी लावलेली, वाकड्या तोंडाची लेक पाहिली आणि दारातच खाली बसली. औषध उतरायला लागलं होतं तरी थोरली पाणी प्यायली ते निम्मं गळ्यावर सांडलं. काकांनी पेपर घडी करून ठेवला. "मुद्दाम केलंस?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"नाही काका."

"आणि ती म्हणते तू मुद्दाम केलंस."

"ती काहीही म्हणेल."

काकूनं लेकीची हनुवटी पुसली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "कुणाला बोलू मी?" पण त्या रात्री धाकटीच्या ताटात वाढायला ती उठली नाही. धाकटीनं आपलं आपण वाढून घेतलं.

मग धाकटी तोंड मागायला निघाली. वर्गात ज्यांना ज्यांना तिनं नोट्स दिल्या होत्या त्या सगळ्यांकडे गेली. एकाला परवा पासपोर्टचा फोटो काढायचा होता. एकीला नाटकात काम होतं. तिच्या अगदी जवळच्या मैत्रिणीनं तर दंतवैद्यकाच्या कॉलेजात बसून सांगितलं की माझी दाढ दुखतेय. चेहरा सगळ्यांनाच प्यारा असतो, आणि वाकडं तोंड सगळ्यांनी पाहिलं होतं. आठवडा संपत आला तेव्हा धाकटीला आपल्या गावचं घर दिसायला लागलं, आणि दारात उभी राहून आई काय विचारेल तेही ऐकू यायला लागलं.

शेवटी जिच्याकडे जायचं नव्हतं तिच्याकडे जावं लागलं. जावं कसलं लागलं, ती टेबलाच्या पलीकडच्या अर्ध्यावरच बसली होती. चेहरा केव्हाच पूर्ववत झाला होता, कोपऱ्यासकट.

"उद्या बसशील?" धाकटीनं पुस्तकाकडे बघत विचारलं.

"बसेन की," थोरली लगेच म्हणाली. ती वाटच बघत असावी. "पण आधी सगळ्यांसमोर सांगायचं. हाड लागलं नव्हतं, मी खोटं बोलले, वर तुझ्या जबड्यालाही नावं ठेवली. शब्द गाळायचा नाही एकही."

"नाही सांगितलं तर?"

"तर उद्या माझीही दाढ दुखेल."

धाकटी दातओठ खात अंथरुणात शिरली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. सुरुवातीला ती पुटपुटली, मागच्या रांगेतून कुणीतरी "मोठ्यानं" म्हणालं, मग आवाज चढवला. हाड लागलं नव्हतं. मी दोनदा खोटं बोलले. जबडा चांगला आहे. थोरली खुर्चीत बसून प्रत्येक शब्द वजन केल्यासारखा ऐकत होती.

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हे मला त्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हाड लागलं असतं तर तोंड वाकडं झालंच नसतं. माणसाच्या जिभेला हाड नसतं, म्हणून मी जबड्याच्या हाडाला विचारते. पण तुझ्याकडून ऐकायचं होतं. आता पेशंटनं तुझ्यावर विश्वास ठेवावा असं काहीतरी कर. घे सिरिंज."

सुई आत गेली. या वेळी धाकटीनं थोरलीच्या तोंडाकडे फक्त तोंड म्हणून पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. सुई निम्म्याहून जास्त गेली आणि टोकाला काहीच नव्हतं.

"हाड लागलं का?"

"नाही मॅडम."

धाकटीनं सुई मागं घेतली, सिरिंज डावीकडच्या दाढांकडे आणखी वळवली आणि पुन्हा पुढे नेली. टक्. आवाज होत नाही, पण बोटाला ऐकू येतं. घट्ट, गुळगुळीत, खरंखुरं हाड. "लागलं," ती म्हणाली, कुणी विचारायच्या आत. किंचित मागं घेतली, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहिलं, आणि थेंबथेंब औषध सोडलं.

आता सगळं थोरलीच्या हातात होतं. हातात नव्हे, तोंडात. ओठ बधिर झाला की नाही हे ज्याचा ओठ त्यालाच कळतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"बधिर झाला?" मॅडमनी विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "काहीच नाही झालं. आधीसारखंच आहे."

सगळ्यांसमोर नाक घासून घेतलं आणि वर वर्षही गेलं! धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. कोपरा वर होता.

"असं?" मॅडम म्हणाल्या. "बघू या. डोळे मीट. मी हिरडीला टोचते. दुखलं की सांग." त्यांनी टोकदार प्रोब घेऊन उजव्या बाजूची हिरडी दाबली. मग आणखी जोरात दाबली. प्रोबच्या टोकाशी हिरडी पांढरी पडली. थोरली डोळे मिटून शांतपणे वाट बघत होती. मॅडमनी प्रोब बाहेर काढला आणि ट्रेमध्ये टाकला. खण्ण झालं.

"आई गं," थोरली कळवळून म्हणाली.

सगळा वर्ग असा हसला की शेजारच्या खोलीतले शिपाईमामा डोकावून गेले. थोरलीनं डोळे उघडले, ट्रेमधला प्रोब पाहिला, आणि तिच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकसारख्या लाल झाल्या. ओठाच्या उजव्या कडेवरून लाळेची तार हनुवटीवर आली होती. ती तिला कळतही नव्हती.

"पास," मॅडम धाकटीला म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघी एकाच घरच्या, हे सांगायला हजेरी लागत नाही. हिला दोन तास काही चावायला देऊ नको. बधिर ओठ दाताखाली गेला तर कळत नाही."

"मी बधिर नाहीये," थोरली म्हणाली. आता बोललेलं गिळता येत नव्हतं. ती खुर्चीतून उतरली, पर्स घेतली आणि सगळे बघतायत याची खात्री करून तडक कँटीनकडे निघाली.

धाकटीला वर जाऊन पेशंटच्या यादीत आपलं नाव बघायचं होतं. तेवढ्यासाठी तर सगळं केलं होतं. पण पाय कँटीनकडे वळले. काळजीनं नव्हे, चांगुलपणानं तर नव्हेच. थोरली काय करते ते बघायचं होतं. थोरली कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसली होती, पुढ्यात टोस्ट केलेलं सँडविच. ती डाव्या बाजूनं खात नव्हती. मुद्दाम उजवीकडून खात होती.

धाकटी समोर बसली. थोरलीनं मान वर केली नाही. तिसऱ्या घासाला धाकटीला दिसलं: खालचा ओठ आत ओढला गेला, दात त्यावर मिटले, आणि थोरली चावत राहिली, शांतपणे, टोस्टचा कडक भाग चावतात तसं. दात सुटले तेव्हा ओठावर लाल टिपूस आलं.

धाकटीनं आणखी एक घास जाऊ दिला. हे तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण जाऊ दिला. ताट हनुवटीखाली उलटं धरलेली थोरली तिला आठवली, आणि काकूचा पदर. मग दात पुन्हा त्याच जागी मिटले आणि लाल धार हनुवटीकडे निघाली, तेव्हा मात्र तिला बघवेना. एवढा ओठ फाटला तर टाके पडतील.

"ताई," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तो शब्द आपोआप आला. "थांब. ओठ चावतेयस. रक्त येतंय."

थोरलीचा घास क्षणभर थांबला. तिनं वर पाहिलं. 'ताई' ऐकलं होतं तिनं. जे पोरीनं दोन वर्षं तोंडातून काढलं नाही ते आज, सगळा वर्ग हसल्यावर, बरं निघालं. ही नवी चेष्टा होती, तिला दुसरं काय वाटणार होतं? शिवाय ओठ दुखत नव्हता.

"हो का?" ती म्हणाली. "हाड लागलं का?"

"खरंच सांगतेय. आरसा बघ." धाकटीनं ॲप्रनच्या खिशातून तोंडात बघायचा छोटा आरसा काढला आणि टेबलावरून पुढं सरकवला.

थोरलीनं तो न बघताच परत सरकवला. "तू किती खरं सांगतेस ते मी सकाळीच ऐकलंय," ती म्हणाली, आणि धाकटीकडे रोखून बघत, उजव्या बाजूनं, पुढचा घास घेतला.